खुंट कुठल्या जातीचा?

आंबा-काजूच्या कलमांवर जगणाऱ्या आमच्या खेड तालुक्यात टोमॅटोचं कलम म्हटलं की लोक हसतात. चार महिन्यांच्या पिकाला कलम कशाला? लोट्याच्या जांभ्या जमिनीत भातामागे टोमॅटो लावून बघा, म्हणजे कळेल. फळं धरायच्या सुमाराला एखादं झाड भर दुपारी मान टाकतं. पान पिवळं पडत नाही, हिरवंच लोळतं. संध्याकाळी जरा सावरतं आणि दोन-चार दिवसांत जातं. मग पाटाचं पाणी जिकडे वाहतं तिकडची झाडं एकामागून एक बसतात.

माझ्याकडे हे झालं ते कलमी रोपांवरच. घाटावरच्या एका रोपवाटिकेतून चांगले पैसे मोजून आणलेली. "दादा, खुंट परदेशी आहे, मर येतच नाही," असं मालक छातीठोकपणे म्हणाला होता. त्याच्या परीनं ते खरंही होतं. तिकडे त्याचा सामना फ्युजॅरियम बुरशीच्या मरीशी. रानटी टोमॅटोशी संकर केलेले जोमदार खुंट तिला आणि सूत्रकृमीला पुरून उरतात. आमच्याकडची मर राल्स्टोनिया या जिवाणूची. तिच्यापुढे असल्या बहुतेक खुंटांचं काही चालत नाही. तेव्हा "मर येते का?" एवढंच विचारू नका, "जिवाणूची मर सोसतो का, आणि खुंटाची जात कोणती?" असं विचारा. जातीचं नाव सांगता येत नसेल तर रोपं तिथंच ठेवून या.

आपल्याकडे कुठली मर आहे हे घरबसल्या समजतं. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाचं बुडख्याजवळचं बोटभर खोड कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असं लटकवून धरा. हात हलू देऊ नका. जिवाणू असेल तर काही मिनिटांत कापाच्या तोंडातून पांढुरकी, दुधासारखी तार खाली उतरताना दिसते. बुरशीच्या मरीत पाणी नितळच राहतं. खात्री हवी तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ शेजारच्याच तालुक्यात आहे; मुळासकट झाड घेऊन जा.

जिवाणू निघाला तर खुंट वांग्याचा घ्यावा, असं माझं मत. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं जिवाणूची मर आणि साचलेलं पाणी या दोन्हींसाठी 'ईजी २०३'सारख्या वांग्यांची शिफारस केली आहे. वांग्याची मुळं टोमॅटोपेक्षा पाण्यात जास्त तग धरतात. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेनं तर एका खुंटावर वांगी आणि टोमॅटो दोन्ही धरवून दाखवले. वांग्याच्या खुंटावर फळ कधी थोडं लहान राहतं, बुडाशी काळं पडण्याची शक्यताही वाढते, म्हणून पाण्याची पाळी चुकवू नये.

रानवांग्याचा, म्हणजे सोलॅनम टॉर्वमचा, खुंटही चालतो, पण त्याचं बी उगवायला रडवतं. टोमॅटोच्या कितीतरी आधी पेरलं नाही तर कलमाच्या दिवशी दोन्ही खोडांची जाडी जुळत नाही. त्याची फुलं पांढरी, फळं झुपक्यानं. बांधावरची जांभळ्या फुलांची काटेरी डोरली म्हणजे ते नव्हे. आणि धोतऱ्यावर टोमॅटो बांधायची हौस कुणी करू नये. धोतऱ्याचं विष मुळात तयार होऊन वर फळापर्यंत चढतं. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९६०च्या दशकात असे टोमॅटो खाऊन एक कुटुंब रुग्णालयात पोचलं होतं.

खुंट चांगला असूनही कलम वाया जातं ते बहुधा भर लावताना. आपल्याला टोमॅटोच्या बुडाशी माती ओढायची सवय. जोड मातीखाली गेला की वरचा टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि रोग त्या वाटेनं थेट आत शिरतो. जोड जमिनीच्या चार बोटं वर हवा, आणि कामाला येणाऱ्या माणसालाही हे लावणीआधीच सांगून ठेवावं. खालून वांग्याची फूट आली तर लगेच खुडायची.

मर तुरळक असेल तर कलमाचा खर्चही नको. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित टोमॅटो जिवाणूची मर बऱ्यापैकी सोसतो. आधी तो एका वाफ्यात लावून पाहावा.