स्मृतिभ्रंश झालेल्या माता-पित्यांसह उमरा

जन्मभर काबतुल्लाहची ओढ बाळगलेल्या अम्मी-अब्बांना एकदा तरी त्या पवित्र भूमीवर न्यावे, ही प्रत्येक सुपुत्राची आणि सुकन्येची इच्छा असते. परंतु पैसा आणि सवड हाती येईपर्यंत पुष्कळदा वय झालेले असते आणि कधी कधी स्मरणशक्तीही साथ सोडते. पुत्राचे नाव आठवत नाही, दिवस-रात्र उमगत नाही, घरातल्या घरात वाट चुकते. अशा माता-पित्यांना सफरीवर न्यावे काय, आणि न्यायचे तर कसे, याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

जबाबदारी किती?

पवित्र कुरआनने वार्धक्याच्या या अवस्थेचा उल्लेख दोन ठिकाणी केला आहे (१६:७०, २२:५). जाणते झाल्यानंतर पुन्हा काहीच न जाणण्याच्या स्थितीला मनुष्य पोहोचतो, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे ही अवस्था लाजिरवाणी नाही आणि कोणाच्या पापाची शिक्षाही नाही. ती अल्लाहच्या नियमांतलीच एक आहे.

अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (२:२८६). हजचे कर्तव्यदेखील तेथवर पोहोचण्याच्या सामर्थ्याशी जोडलेले आहे (३:९७). ज्याची बुद्धी हरपली आहे त्याच्यावरून, ती परत येईपर्यंत, लेखणी उचलली जाते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. शाफई मतानुसार, जे आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम पाळतात, सामर्थ्यवानावर आयुष्यात एकदा उमरा फर्ज आहे. हनफी मतानुसार तो सुन्नते मुअक्कदा आहे. परंतु ज्याला आपण कोठे आहोत आणि काय करीत आहोत हेच कळत नाही, त्याच्यावर दोन्ही मतांनुसार नव्याने जबाबदारी येत नाही.

हज्जतुल विदाच्या प्रसंगी खसअम कबिल्यातील एका स्त्रीने विचारले होते की, माझे वडील इतके वृद्ध आहेत की वाहनावर स्थिर बसू शकत नाहीत, मी त्यांच्या वतीने हज करू काय? प्रेषितांनी (स.) होकार दिला. वडिलांना कसेही करून घेऊन ये, असे ते म्हणाले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. बुद्धी शाबूत असताना हज फर्ज होऊन राहून गेला असेल, तर त्याच्या बदलीविषयी आपल्या मसलकच्या विश्वासू मुफ्तींना विचारावे.

जायचे ठरल्यास

आजार प्रारंभीच्या अवस्थेत असेल, माता-पित्यांची स्वतःची इच्छा असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर सफर शक्य आहे. तयारी मात्र अशी असावी :

१. अम्मींसोबत एक स्त्री अवश्य असावी. स्नानगृहात आणि स्त्रियांच्या नमाजच्या जागी पुत्र जाऊ शकत नाही, आणि अम्मी हरवण्याची भीती तेथेच अधिक असते. त्याच कारणाने अब्बांसोबत पुरुष असावा.

२. नाव, हॉटेलचे नाव व आपला दूरध्वनी क्रमांक देशाच्या संकेतांकासह अरबीत लिहून मनगटाला बांधावा. इहरामच्या शुभ्र गर्दीत एक वृद्ध शोधणे फार कठीण असते. रोज बाहेर पडताना त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

३. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. सौदी अरेबियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. औषधांच्या वेळा त्यानुसार आधीच लिहून ठेवाव्यात.

४. शक्य असल्यास प्रथम मदीनेला जावे. विमानप्रवास इहरामविना होतो, काही दिवस विश्रांती मिळते आणि पुढे जुलहुलैफा येथून इहराम बांधता येतो.

५. सायंकाळी अनेक रुग्णांचा गोंधळ व अस्वस्थता वाढते. म्हणून तवाफ आणि सई त्यांच्या शांत वेळी, कमी गर्दीत करावी. सईच्या सात फेऱ्यांचेच अंतर सुमारे तीन किलोमीटर होते. व्हीलचेअर घेण्यात कमीपणा मानू नये. ह. उम्मे सलमा (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना वाहनावर बसून तवाफ करण्यास सांगितले होते.

६. इहरामात सुगंध वर्ज्य आहे. म्हणून स्वच्छतेसाठी बिनवासाचा साबण व रुमाल न्यावेत. पुरुषाला डायपरची गरज असेल तर ती अडचण शरीअतला मान्य आहे. फिदया द्यावा लागेल काय, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

७. इहरामची नियत केल्यावर केवळ कपडे बदलल्याने त्यातून सुटका होत नाही. ह. जुबाआ (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना नियतीच्या वेळीच अट घालण्यास शिकविले की, जेथे मी अडेन तेथे इहराम सोडीन. शाफई व हंबली मतांत ही अट ग्राह्य आहे; हनफी वाचकांनी आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

न जाण्याचा निर्णय

पुष्कळदा सफर माता-पित्यांसाठी नसते, तर आपल्याच समाधानासाठी असते. लोक काय म्हणतील, हाही विचार त्यात मिसळलेला असतो. ज्या अम्मी शेजारच्या घरी गेल्यावरही घाबरून रडतात, त्यांना विमानतळाच्या रांगेत आणि परक्या खोलीत नेणे ही सेवा नव्हे. आपल्या नियतीची अशी तपासणी करावी : त्यांना काहीच आठवणार नाही आणि कोणाला काही कळणारही नाही, तरी आपण त्यांना न्यायला तयार आहोत काय? आणि त्यांना त्रास होत असेल, तर आरक्षण रद्द करायला तयार आहोत काय?

एका माणसाने प्रेषितांकडे (स.) जिहादची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी त्याचे माता-पिता हयात आहेत काय, हे विचारले आणि त्यांच्याच सेवेत झटण्यास सांगितले. कुरआन (१७:२३-२४) सांगतो की, ते आपल्याजवळ वार्धक्याला पोहोचले तर त्यांना ‘उफ’देखील म्हणू नये. एकच प्रश्न विसाव्यांदा विचारला जातो, तेव्हाच या आज्ञेची खरी कसोटी लागते. विसाव्यांदाही पहिल्यासारखेच उत्तर देणे ही इबादत आहे. ती घरीही होते आणि तिच्यासाठी व्हिसा लागत नाही.

अल्लाह आपल्याला माता-पित्यांची सेवा करण्याचे सामर्थ्य देवो आणि त्यांनी लहानपणी आपल्यावर दया केली तशी दया त्यांच्यावर करो. आमीन.