परसातली रसभरी आणि उसातली पोपटी



पावसाळ्यात उसाच्या सरीत आणि बांधाला पोपटी उगवते. कोणी तिला चिरबोटी म्हणतात. कागदी फुग्यात एक गोळी. लहानपणी आपण सगळ्यांनीच ती खाल्ली आहे. बाजारातली रसभरी ही तिचीच थोरली बहीण, मूळची दक्षिण अमेरिकेतली. दोघीही वांगी-टोमॅटोच्या कुळातल्या.

घरापुरती चार-सहा झाडे पुरतात. जूनअखेर रोप टाकावे आणि महिन्याभराने तीन-तीन फुटांवर लावावे. आपली गोदाकाठची काळी जमीन पाणी धरते, म्हणून लागण उंच गादीवाफ्यावरच करावी. कुजलेले शेणखत घालावे. युरियाला सवयीचा झालेला हात मात्र आवरावा, नाहीतर नुसता पाला माजतो. फळ हिवाळ्यात मिळते.

फळ तोडायची घाई नको. फुगा वाळून गवताच्या रंगाचा होतो, आतले फळ नारिंगी होते आणि आपोआप गळते. म्हणून झाडाखाली उसाचे पाचट अंथरावे, फळ चिखलात लोळत नाही. हिरवे फळ, पाला आणि फुगा विषारी असतात. हे पोरांना आधी सांगून ठेवावे.

आता खरी गोष्ट. एका सभासदाच्या परसात रसभरीची पाने दोरीसारखी पिळवटली होती. घरच्यांनी रोग समजून दोनदा औषध मारले. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले, की उसात २,४-डी तणनाशक मारलेल्या पंपानेच ते औषध मारले होते! पंप नुसता विसळला होता. हे तणनाशक रुंद पानांच्या तणांसाठी असते. ऊस ते सोसतो, पण रसभरी, टोमॅटो, वांगी, कपाशी, द्राक्ष यांना त्याचा अंशही सोसत नाही. वाऱ्यानेही ते शेजारच्या रानात जाते, आणि मग बांधावरून भांडणे होतात.

तेव्हा तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून फवारावे. आणि फवारलेल्या उसातली पोपटी, पिकलेली दिसली तरी, पोरांना खाऊ देऊ नये.

परसातली रसभरी फुग्यासकट कोरड्या जागी ठेवली तर काही आठवडे टिकते. जास्त झाली तर किलोला अर्धा किलो साखर घालून मंद आचेवर आटवावी. फळातच चीक भरपूर असल्याने मुरंबा चांगला धरतो. पोळीबरोबर झकास लागतो.