‘हम होंगे कामयाब’च्या आधीचं गाणं

शिक्षक मित्रांनो, पालकहो, परिपाठात आपली मुलं ‘हम होंगे कामयाब’ गातात. हे गाणं आलं कुठून, असं एखाद्याने विचारलं तर काय सांगाल?

गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेलं हे गाणं मूळचं अमेरिकेतलं, ‘वी शॅल ओव्हरकम’. त्याची मुळं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांत आहेत. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या सिगार कारखान्यातल्या कामगार स्त्रियांनी ते संपात गायलं. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर शाळेत पोचलं. पीट सीगर, गाय कॅरावान यांनी ते पुढे नेलं. १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चात जोन बाएझने गायलं.

मुलांना मात्र हायलँडरची गोष्ट आवर्जून सांगा. एका रात्री तिथे पोलिसांचा छापा पडला, दिवे घालवले गेले. अंधारात जमिला जोन्स नावाच्या शाळकरी मुलीने ‘आम्ही घाबरलेलो नाही’ अशा अर्थाचं कडवं जोडलं. सगळे गाऊ लागले. जमिलाच्या आठवणीनुसार, तो आवाज ऐकून पोलीसच बिचकले.

मग मुलांना विचारा, “तुम्हाला कशाची भीती वाटते?” उत्तर लिहू द्या, त्यावर एक कडवं रचू द्या. दुसऱ्या दिवशी परिपाठात गाणं नुसतं पाठ म्हटलं जाणार नाही, बघा!