साखरपुड्याची अंगठी : नवी की जुनी?

‘ऋण काढून सण करू नये’ असे आपण म्हणतो. पण घरात लग्नकार्य निघाले की ही म्हण सोयीस्करपणे विसरतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी दादाचा साखरपुडा ठरला, तेव्हा अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेले थोडेफार घरी उपयोगी पडले. तो अनुभव येथे मांडते.

नवरीसाठी चार ग्रॅमची अंगठी करायची होती. सोयाबीनचे पैसे खता-बियाण्याच्या उधारीत गेले होते. बाबा व्याजाने पैसे काढायला निघाले. ‘आधी हिशेब तरी समजून घेऊ’ म्हणून मी त्यांना नांदेडच्या सराफ्यात घेऊन गेले.

नव्या अंगठीच्या किमतीचे तीन भाग असतात : सोन्याचा भाव, घडणावळ आणि २०१७ पासून ३ टक्के जीएसटी. उदाहरणापुरते सोने १०० रुपयांचे व घडणावळ १२ रुपये धरली, तर करासह ११५ रुपयांच्या वर जातात. तीच अंगठी उद्या मोडीत घातली, तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. उलट घट कापली जाते. हाती समजा ९५ येतात.

त्याच आठवड्यात लातूरहून मावशीचा फोन आला. मुलाच्या फीसाठी तिला आपली अंगठी मोडायची होती. मी म्हटले, “ती आपणच आजच्या भावाने घेऊ.” वरच्या हिशेबाने मावशीला ५ रुपये जास्त मिळणार, आमचे १५ वाचणार. आई मात्र रागावली. “दुसऱ्याच्या बोटातली अंगठी सुनेला घालायची? लोक काय म्हणतील?”

तरीही आम्ही लातूरला गेलो. जुना दागिना नात्यातला असला तरी तपासूनच घ्यावा, हे तेथे कळले. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सक्ती असलेल्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक लागतो. मावशीची अंगठी त्याआधीची. अशा वेळी मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून कस तपासता येतो. वजनातून खड्याचे वजन वजा करावे. जुन्या पावतीवर तोळा असेल तर लक्षात ठेवावे, की तो ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात.

२२ कॅरट म्हणून घेतलेली ती अंगठी तपासणीत २० कॅरट निघाली. म्हणजे १००० भागांत ९१६ ऐवजी सुमारे ८३३ भाग सोने. मावशीचा चेहरा उतरला. बाबांनी २० कॅरटचाच भाव दिला. पण फीला कमी पडणारे पैसे हातउसने म्हणून वेगळे दिले. व्यवहार आणि नाते त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाही, हे मला फार आवडले.

सोनाराने थोड्या मजुरीत अंगठी मापाची करून उजळून दिली. साखरपुड्याआधीच दादाने वहिनींच्या घरी सारे खरे सांगितले. वहिनी एवढेच म्हणाल्या, “मावशींच्या मुलाची फी भरली ना? मग मला हीच चालेल.” आईचा राग तेथेच गेला.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, जुने सोने घेण्यात कमीपणा नाही. मात्र कस तपासावा, वजन समोर करून घ्यावे, पावती घ्यावी, आणि जिच्या बोटात ती अंगठी जाणार तिच्यापासून काही लपवू नये. आमच्या घरी साखरपुडा झाला, आणि बाबांना व्याजाने पैसे काढावे लागले नाहीत.