मोत्याचे दात

पावसाळा सरला आणि केळी-अळूची आळी कोरडी पडू लागली, म्हणजे घरोघरच्या परसात पाण्याची नळी पुन्हा बाहेर निघते. सकाळी झाडांना पाणी घालून झाले, की ती हौदाच्या कडेलाच वेटोळे घालून पडते. ज्या घरी पाच महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू असते, तेथे दुसऱ्या दिवशी मोटार चालू करताच एका धारेऐवजी तीन-चार कारंजी उडतात. पाहावे तो खराट्याच्या काड्या अंगणभर विखुरलेल्या, झारीची मूठ चावलेली, आजोबांच्या एका वहाणेचा अंगठा तुटलेला. आणि या साऱ्या पसाऱ्याच्या मध्यभागी मोत्या शेपूट हलवीत बसलेला! मग कोणी काठी उगारतो, कोणी त्याला साखळीने बांधून टाकतो, आणि कोणी तर स्पष्टच म्हणतो, "पोत्यात घाला आणि गावाबाहेर नेऊन सोडा."

मोत्याच्या पुढील आयुष्याचा निकाल अशाच एखाद्या सकाळी लागतो. तो लावण्यापूर्वी त्याच्या तोंडात काय चालले आहे, हे एकदा पाहिले पाहिजे.

माणसाच्या मुलाला दुधाचे दात 20 असतात, तर कुत्र्याच्या पिल्लाला 28. मुलाचे दात पडण्यास सहाव्या वर्षाच्या सुमारास आरंभ होतो आणि ते काम कित्येक वर्षे सावकाश चालते. पिल्लाला एवढा अवकाश मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्याचे दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास त्याच्या जबड्यात 42 पक्के दात उभे राहिलेले असतात. अवघ्या तीन-चार महिन्यांत एवढे दात हिरडी फोडून वर येत असताना तेथे किती ठणका लागत असेल, याची कल्पना ज्याची एक दाढ उगवली आहे त्याला सहज करता येईल. दाताखाली काही दाबले की पिल्लाला बरे वाटते. रबरी नळी मऊ, दाबली तर दबणारी आणि सोडली तर पुन्हा फुगणारी. शिवाय आत थंडगार पाणी. हिरड्यांना याहून चांगले औषध कोणते? झारीची मूठ आणि वहाण यांना आणखी एक गुण असतो. त्यांना घरच्या माणसांच्या हातापायांचा वास लागलेला असतो. घरात कोणी नसताना मोत्या नेमकी आजोबांचीच वहाण उचलतो, ती वैरापोटी नव्हे.

तथापि सगळा दोष दातांवर ढकलून चालणार नाही. दोन-तीन वर्षांचा, पूर्ण वाढलेला कुत्राही पुष्कळदा वस्तू फाडतो. त्याचे कारण बहुधा रिकामपण हे असते. धनगरांचा कुत्रा मेंढरांबरोबर दिवसभर कोसच्या कोस चालतो आणि रात्री वाड्याभोवती जागतो. त्याला काम आहे, सोबत आहे, पायांना वाट आहे. चार हात साखळीने खांबाला बांधलेल्या कुत्र्याला यांपैकी काहीच नसते. तो माती उकरतो, भुंकतो, आणि तोंडाच्या टप्प्यात येईल ते चावतो. भारतातील प्राण्यांविषयीच्या क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातही याची दखल घेतलेली आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्याची हयगय करणे हा त्या कायद्याने अपराध ठरतो. उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला वाऱ्यावर सोडून देणे, हाही अपराधच होय. म्हणजे पोत्याची भाषा बोलणाऱ्याने जरा विचार करून बोललेले बरे.

काठीची गोष्ट त्याहून विचार करण्याजोगी आहे. नळी पहाटे फाडली गेली आणि मार बसला सकाळी आठ वाजता, तर कुत्र्याच्या मनात या दोहोंची सांगड पडत नाही. त्याला एवढेच कळते, की नळी हाती घेऊन येणारा माणूस मारतो. "पण त्याला आपला गुन्हा कळतो, पाहा कशी मान खाली घालतो!" असे अनेकांचे म्हणणे असते. न्यूयॉर्कमधील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हीच समजूत तपासून पाहिली आणि 2009 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मालकाने कुत्र्याला समोरचा खाऊ खाऊ नकोस असे बजावून खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही, हे त्याला सांगण्यात येई; परंतु कधी खरे, कधी खोटे. असे दिसून आले, की अपराधी चेहरा खाऊ खाणाराच कुत्रा करतो असे नाही. ज्याला मालक रागावतो तो करतो. ज्या बिचाऱ्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते, तेही बोलणी खाताच मान खाली घालीत. ती खाली गेलेली मान म्हणजे पश्चात्ताप नसून भय असते.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी एक म्हण आहे. शेपटाच्या बाबतीत ती खरी असेल, परंतु कुत्र्याच्या सवयींना लागू पडत नाही. मात्र सुधारणा आधी परसाची करावी लागते आणि मग कुत्र्याची. काम झाले की नळीतील पाणी काढून टाकून ती भिंतीवरील खुंटीला अडकवावी. मागच्या पायांवर उभे राहिलेल्या मोत्याचे तोंड पोहोचणार नाही इतकी ती खुंटी उंच असावी. खराटा, झारी, वहाणा यांनाही जागा हवी. नळीचा मूळ दोष एवढाच होता, की ती जमिनीवर होती. त्याच वेळी मोत्याला हक्काचे काही द्यावे. जाड सुती दोरखंडाची गाठ चालते. गारेगार गाजरही चालते. दोरखंडाचे धागे सुटू लागताच ते काढून घ्यावे, कारण गिळलेला तुकडा आतड्यात अडकून जिवावर बेततो. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या टोकदार चिरफळ्या निघतात. आणि जुनी वहाण तर मुळीच देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती, हा भेद मोत्याला कोण समजावणार? तो नळीला तोंड लावताना दिसलाच, तर ओरडण्याऐवजी त्याच्यापुढे गाठ धरावी आणि त्याने ती घेताच त्या क्षणीच शाबासकी द्यावी. रोज सकाळ-संध्याकाळ लांब फेरी मारून आणलेला कुत्रा दुपारी चावण्यापेक्षा झोपणे पसंत करतो.

वस्तूंना कडू लेप लावण्याचाही उपाय आहे. 1958 साली स्कॉटलंडमध्ये भूल देण्याच्या औषधांवर काम चालू असताना एक विलक्षण कडू द्रव्य हाती लागले. आज ते असल्या लेपांत वापरतात. काही कुत्रे त्याला दाद देतात, काही देत नाहीत. परंतु त्याऐवजी तिखटाची पूड टाकू नये. ती डोळ्यांत व नाकात जाऊन कुत्र्याला फार यातना होतात. डांबरगोळ्या तर त्याला विषच आहेत.

मोटारीच्या वायरीबाबत मात्र प्रयोगाला जागाच नाही. घरातील वीज 230 व्होल्टची असते. पिल्लाने चालू वायर चावली तर तोंड भाजते आणि प्राणही जाऊ शकतो. म्हणून ती वायर कठीण नळकांड्यातून नेऊन भिंतीला पक्की करावी व काम नसताना बटण बंद ठेवावे. अपघात झालाच, तर कितीही जीव कळवळला तरी कुत्र्याला हात लावू नये. आधी मोठ्या माणसाला हाक मारून मुख्य स्विच बंद करवावा. नंतर कुत्रा हिंडूफिरू लागला, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, कारण काही तासांनीही त्याला श्वास घेणे जड जाऊ शकते.

पशुवैद्याची गरज आणखी एका प्रसंगी पडते. आठ-दहा वर्षे शहाण्यासारखा राहिलेला कुत्रा एकाएकी माती खाऊ लागला, भिंत चाटू लागला किंवा दिसेल ते चावू लागला, तर तो खोड्या करीत नसतो. त्याला कोठेतरी दुखत असण्याचा संभव असतो.