वाऱ्याने उचललेले हरितगृह

आमचे घर रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळच्या एका खेड्यात आहे. घरामागे वाडी आहे. नारळ-सुपारीच्या बागेला आमच्याकडे वाडी म्हणतात. या भागातली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे.

वाडीच्या कडेला अब्बांनी एक लहान हरितगृह उभारले होते. ते ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद होते. लोखंडी पाइपांच्या कमानी, त्यांवर जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणि आत सावलीसाठी हिरवी जाळी. एरवी त्यात मिरची-वांग्याची रोपे होत. २०२० च्या सुरुवातीला मात्र अब्बांनी जुन्या, भरपूर धरणाऱ्या झाडांच्या पिकलेल्या सुपाऱ्या निवडल्या आणि वाळूत लावल्या. दीड महिन्याने त्यांना कोंब आले. मग एकेक रोप मातीच्या पिशवीत लावले. पिशव्या मोजण्याचे काम माझ्याकडे होते. त्या ११८ होत्या.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. दुपारी वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. छपरावरची कौले उडू लागली. आम्ही सगळे आतल्या खोलीत बसलो होतो. दादी तसबीह ओढत होती. बाहेर झाडे मोडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला अब्बा मान खाली घालत होते.

संध्याकाळी वारा थांबला. वाडी आडवी झाली होती. सुपारीची उंच झाडे एकावर एक पडली होती. हरितगृहाची तर विचित्र अवस्था होती. त्याचे दोन कोपरे जमिनीतून उपटून वर आले होते आणि सगळा सांगाडा एका बाजूला कलला होता. अर्धे प्लॅस्टिक शेजारच्या बांबूच्या बेटात अडकून फडफडत होते. पण पिशव्या जमिनीवर एकमेकींना चिकटून होत्या. मी पुन्हा मोजल्या. ९४ रोपे जिवंत होती.

दादी काठी टेकत आली. तिने वाडीकडे पाहिले, मग रोपांकडे पाहिले. ती म्हणाली, “मोठी झाडे गेली. आता ही पोरे तरी राखा.” सुपारीचे झाड धरायला लागायला सहा-सात वर्षे लागतात. त्या दिवशी आमच्याजवळ पुढची वाडी म्हणून एवढेच होते.

ऊन लागू नये म्हणून आम्ही पडलेल्या झावळ्यांचा मांडव करून रोपे त्याखाली ठेवली. पण पाऊस तोंडावर आला होता. हरितगृह लवकर उभे करायला हवे होते.

चाचा म्हणाले, “यावेळी बाजूंना भक्कम टेकू लावू, म्हणजे ते पडणार नाही.”

माझी आपा तेव्हा कृषी पदविकेचा अभ्यास करत होती. टाळेबंदीमुळे ती घरीच होती. ती म्हणाली, “चाचा, ते पडले नाही, उडाले आहे. वाऱ्याने त्याला ढकलले त्यापेक्षा वर जास्त ओढले.”

चाचांना ते पटले नाही. तेव्हा आपाने वहीच्या कागदाची एक लांब पट्टी फाडली, ओठांखाली धरली आणि तिच्यावरून जोराने फुंकर मारली. खाली लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. जोराचा वारा छपरावरून जातो तेव्हा छपराच्या वरचा हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी वारा आत शिरला तर तो छपराला खालून वर रेटतो. पावसात छत्री उलटी होते तीही खालून शिरणाऱ्या वाऱ्यामुळेच.

मग तिने हिशेब मांडला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरवर सुमारे ५५ किलो वजनाइतका असतो. आमचे छप्पर २४ चौरस मीटर. सगळीकडे ओढ सारखी नसते, पण सारखी धरली तर ती १,३०० किलोच्या वर जाते. सांगाडा आणि प्लॅस्टिक मिळून वजन जेमतेम दीडशे किलो! चाचा गप्प बसले.

वारा आत शिरला कोठून, हे शोधायला वेळ लागला नाही. समुद्राकडच्या दाराची कडी तुटली होती. ती रमजानपासून सैल होती. ईद झाल्यावर बसवू, असे अब्बा म्हणाले होते. ईद २५ मे रोजी झाली आणि वादळ नवव्या दिवशी आले. ही गोष्ट अब्बांनी आम्हांला स्वतःच सांगितली.

कित्येक दिवस गावात वीज नव्हती. त्यामुळे वेल्डिंगचा प्रश्नच नव्हता. सगळे काम हाताने करायचे होते. आधी आम्ही उरलेले प्लॅस्टिक सोडवले. वाकलेली कमान चाचांनी नारळाच्या खोडाला टेकवून हळूहळू सरळ केली. निखळलेल्या सांध्यावर जाड पाइपाचा तुकडा चढवून तो दोन क्लॅम्पांनी आवळला.

खरे काम जमिनीत होते. उपटलेल्या पाइपाच्या टोकाला नारळाएवढाच काँक्रीटचा गोळा होता. खड्डा जेमतेम दीड फूट खोल होता. या वेळी आम्ही अडीच फूट खोल खड्डे खणले आणि ते तळाशी रुंद केले. रुंद तळाचा काँक्रीटचा गोळा वर ओढला तरी मातीत अडकून राहतो. गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून निसटू नये म्हणून चाचांनी त्याचे खालचे टोक हातोडीने ठोकून चपटे केले. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी असा माल कालवला. पहिल्या रात्री पाऊस आला. सिमेंट वाहून जाऊ नये म्हणून खड्ड्यांवर पत्रे झाकायला आम्ही सगळेच धावलो. दादीसुद्धा!

कोपऱ्यांत तिरके पाइप बसवले. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. हे आम्ही भूमितीत शिकलो होतो, पण मला ते त्या दिवशी समजले.

प्लॅस्टिकचे लहान चिरे आपाने चिकटपट्टीने सांधले. ओल्या हवेत पट्टी चिकटत नाही. म्हणून उघडीप मिळाली की ती दोन्ही बाजू कोरड्या पुसून घेई आणि आतून-बाहेरून पट्टी लावी. पट्टीचे कोपरे गोल कापले की ते लवकर सुटत नाहीत. मोठा फाटका भाग मात्र काढून टाकावा लागला. नवे प्लॅस्टिक माणगावहून आले. पाइपाच्या खरबरीत जागांवर आम्ही सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, कारण प्लॅस्टिक फडफडून अशाच ठिकाणी घासते आणि फाटते. वरून दोर टाकून ते खुंट्यांना ताणून बांधले. दाराला दोन कड्या बसवल्या.

चाचांना समुद्राच्या बाजूला चिऱ्याची भिंत हवी होती. आपाने निरगुडीचे कुंपण सुचवले. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करतो; कुंपणातून तो गाळून, मंद होऊन येतो. शेवटी कुंपणच लावले. भिंतीला पैसे नव्हते, हेही खरे.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळाची सूचना आली. आम्ही कड्या तपासल्या, दोर ताणले. पण १६ मे रोजी दुपारी अब्बा म्हणाले, “प्लॅस्टिक उतरवा.”

मला रडू आले. एवढ्या कष्टाने बसवलेले प्लॅस्टिक! मी म्हणाले, “अब्बा, आता तर सगळे पक्के झाले आहे ना?”

“प्लॅस्टिक हे जहाजाचे शीड आहे,” अब्बा म्हणाले. “वादळात खलाशी आधी शीड उतरवतो.”

आम्ही प्लॅस्टिक आणि जाळी गुंडाळून घरात आणली. पिशव्या भिंतीच्या आडोशाला नेल्या. रात्रभर वारा उघड्या पाइपांमधून शिट्या वाजवत गेला. सकाळी सगळे पाइप जागच्या जागी होते.

त्या पावसाळ्यात ८७ रोपे वाडीत लागली. सावलीसाठी त्यांच्या दक्षिण-पश्चिमेला केळी लावल्या. प्रत्येक खड्ड्यात दादीने स्वतः मूठभर शेणखत टाकले. शेवटचे रोप तिने मला लावायला दिले.

शब्दार्थ
कमान – वाकवलेला आधार. सांगाडा – ढाचा. झावळी – नारळाचे लांब पान. टाळेबंदी – लॉकडाउन. उघडीप – पाऊस थांबण्याची वेळ. चिरा – बांधकामाचा लाल दगड. शीड – जहाजाचे कापड.

स्वाध्याय
१. दादीने रोपांना ‘पोरे’ का म्हटले असेल?
२. “ते पडले नाही, उडाले आहे,” हे आपाने चाचांना कसे पटवून दिले?
३. वाऱ्याचा वेग ताशी ५४ किलोमीटर असता, तर एका चौरस मीटरवर किती जोर पडला असता?
४. तुमच्या घरातील दुरुस्त करायची राहिलेली एखादी वस्तू कोणती? तिच्याविषयी पाच वाक्ये लिहा.