प्रेक्षकाचीही कसोटी

खेळ खेळणारे थोडे असतात आणि पाहणारे पुष्कळ. हॉकीच्या मैदानावर प्रत्येक बाजूचे अकराच खेळाडू उतरतात. परंतु त्यांच्या जयापजयाने लक्षावधी माणसे आनंदित किंवा दुःखी होतात. खेळाडूची कसोटी मैदानावर लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वेळी पाहणाऱ्याचीही कसोटी लागत असते, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात येते.

पूर्वी सामना पाहावयाचा म्हणजे मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहणे भाग असे. वऱ्हाडातील लोकांना कुस्तीचा फड चांगला परिचयाचा आहे. फडाभोवती बसलेली माणसे मल्लांचा घाम पाहतात, त्यांची धाप ऐकतात. त्यामुळे चीत झालेला मल्ल किती नेटाने झुंजला, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. जाणता शौकीन जिंकलेल्याची पाठ थोपटतो आणि हरलेल्यालाही ‘शाब्बास’ म्हणतो.

पुढे दूरचित्रवाणी आली आणि दूरचे खेळ डोळ्यांपुढे दिसू लागले. १९३६ साली बर्लिन येथे भरलेले ऑलिंपिक सामने प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. तेव्हा घरोघरी यंत्रे नव्हती. याकरिता पंचवीसच्या आसपास खास दालने उघडली होती. तेथे जाऊन दीड लाखाहून अधिक लोकांनी ती धूसर चित्रे पाहिली. याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले होते व त्याने कबड्डीसारखे आपले देशी खेळ तेथे करून दाखविले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने जर्मनीचा आठ विरुद्ध एक गोलाने पराभव करून सुवर्णपदक मिळविले, तेही येथेच. परंतु हा विजय भारतातील कोणालाही घरबसल्या पाहता आला नाही.

भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे युग १९८२ साली सुरू झाले. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. १ डिसेंबर रोजी हॉकीचा अंतिम सामना भारत व पाकिस्तान यांच्यात झाला. प्रेक्षागार भरून गेले होते, तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या आणि दूरवरचे लोक दूरचित्रवाणी संचांपुढे बसले होते. पहिला गोल भारताचाच झाला. मग मात्र खेळ पालटला. पाकिस्तानने एकामागून एक सात गोल केले व भारत एक विरुद्ध सात असा हरला.

लोकांचा संताप अनावर झाला आणि तो सारा एका माणसावर कोसळला. तो माणूस म्हणजे भारताचे गोलरक्षक मीररंजन नेगी. त्यांनी पैसे घेऊन सामना गमावला, असा भयंकर आरोप लोक करू लागले. आरोपाला पुरावा नव्हता. तरी पुढे कित्येक वर्षे त्यांना ते लांच्छन सोसावे लागले.

असे का घडले असावे? गोल होतो तेव्हा सर्वांची दृष्टी जाळ्यावर खिळते. जाळ्यात शिरलेला चेंडू आणि त्यापुढे पडलेला गोलरक्षक, एवढेच मनावर ठसते. तत्पूर्वी तो चेंडू इतर खेळाडूंना चुकवून आलेला असतो, याची आठवण राहत नाही. संघ अकरांचा असतो. मग पराभव एकट्याचा कसा होईल? दूरचित्रवाणीने डोळ्यांना दूरचे दाखविले. पण विचार करण्याचे काम पाहणाऱ्यांकडेच होते, आणि ते अनेकांनी केले नाही.

नेगी यांनी मात्र खेळाशी नाते तोडले नाही. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी भारतीय गोलरक्षकांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. संघाचे नायक होते पुण्याजवळील खडकीचे धनराज पिल्ले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला व निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर आला. तेव्हा गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी प्रतिपक्षाचे फटके अडविले आणि बत्तीस वर्षांनंतर ते सुवर्णपदक भारताकडे आले. ज्यांना लोकांनी दोषी ठरविले होते, त्यांच्याच शिकवणीचा या यशात वाटा होता.

५ ऑगस्ट २०२१ चा प्रसंग याहून निराळा आहे. करोनाच्या साथीमुळे टोकियो ऑलिंपिकमधील प्रेक्षागारे रिकामी होती. कांस्यपदकासाठी भारत व जर्मनी झुंजत होते, आणि पाहणारे होते ते सारे आपापल्या घरी. भारतात तेव्हा सकाळची वेळ होती. अकोल्याच्या दक्षिणेस वसलेल्या पातूरसारख्या गावीही हातातले काम बाजूस ठेवून हजारो किलोमीटर दूरचा तो सामना पाहता येत होता. एक विरुद्ध तीन असा मागे पडलेला भारत पाच विरुद्ध चार असा पुढे गेला. शेवटची काही सेकंद उरली असता जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलरक्षक श्रीजेश यांनी तो फटका अडविला आणि एकेचाळीस वर्षांनी हॉकीतील ऑलिंपिक पदक भारताला लाभले.

दुसऱ्या दिवशी भारतीय महिलांचा संघ ग्रेट ब्रिटनकडून तीन विरुद्ध चार गोलाने हरला. त्याचे पदक हुकले. तरीही देशभरातून त्या मुलींचे कौतुक झाले. परंतु दोनच दिवसांपूर्वी, उपांत्य सामना हरल्यावर, याच संघातील एका खेळाडूच्या घरासमोर काहींनी फटाके वाजविले व तिच्या कुटुंबाला जातीवरून अपशब्द बोलले. कुटुंबाला पोलिसांकडे जावे लागले. एकाच पराभवाच्या दुःखात कोणी धीर देतो, तर कोणी घाव घालतो.

पातूरच्या मुलाला टोकियोच्या मैदानावर जाता येईलच असे नाही. प्रेक्षक मात्र तो आजच आहे. आपला संघ हरला असता त्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, यावर त्याची परीक्षा होते. त्या शब्दाने दूरच्या एखाद्या घराला आधार मिळू शकतो, किंवा ते घर दुःखात बुडू शकते.

स्वाध्याय

१. कुस्तीच्या फडातील जाणता शौकीन हरलेल्या मल्लाशी कसा वागतो? का?
२. १९८२ च्या पराभवाचा दोष एकट्या गोलरक्षकाला देणे योग्य होते काय? सकारण लिहा.
३. तुमच्या शाळेचा संघ हरून परत आला आहे. त्याचे स्वागत तुम्ही कसे कराल, ते दहा ओळींत लिहा.